ज्येष्ठांचा स्वयंपाकवर्ग : नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

ज्येष्ठ नागरिक संघात, सोसायटीच्या सभागृहात किंवा एखाद्या विरंगुळा केंद्रात वयस्क मंडळींसाठी स्वयंपाकाचा वर्ग काढायचे ठरले की पहिली चर्चा बहुधा पदार्थांच्या यादीवरच होते. कोणी बिनसाखरेचे लाडू सुचवते, कोणी नाचणीचे प्रकार, आणि सचिवांना तर पहिल्याच महिन्यात पुरणपोळीचे प्रात्यक्षिक हवे असते. ही यादी काही काळ बाजूला ठेवावी. जिने चाळीस वर्षे घरचा स्वयंपाक केला आणि आता गॅस पेटवताना जिचा हात कचरतो, किंवा ज्याने कधी चहाही केला नाही आणि आता ज्याला दोन वेळचे स्वतःच पाहायचे आहे, त्यांचे अडते ते पाककृतीवाचून नव्हे. शेगडी पेटवण्यापासून ती बंद करून ओटा पुसेपर्यंत एक साधा पदार्थ दुसऱ्या कोणाचा हात न लागता आपण पुरा केला, हे त्यांना पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळाले पाहिजे. पुढे सांगितलेली सगळी आखणी त्याच एका गोष्टीसाठी आहे.

वर्गाआधीची भेट

येणारी मंडळी साधारण तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात पत्नीच्या निधनानंतर किंवा तिच्या आजारपणामुळे एकटे पडलेले पुरुष येतात. दुसऱ्या प्रकारात गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया, पक्षाघात, मोतीबिंदू, कंपवात अशा कारणाने काही महिने ओट्यापासून दूर राहिलेले आणि मग परत न वळलेले लोक असतात. तिसरा प्रकार सर्वांत मोठा असूनही तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एखादे दूध उतू गेले, एकदा पातेले करपले आणि घरच्यांनी प्रेमाने "आई, तुम्ही राहू द्या, आम्ही बघतो" असे म्हटले, त्या दिवसापासून स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या वावरणाऱ्या या स्त्रिया असतात. यांच्या हातात कसब पुरेपूर असते, परंतु आपल्यावर कोणाची तरी नजर आहे ही जाणीव त्यांचा हात थांबवते.

म्हणून नाव नोंदवताना छापील अर्ज भरून घेण्याऐवजी अर्धा तास समोर बसून बोलावे. सध्या घरी स्वयंपाक कोण करते, शेवटचा पदार्थ कधी आणि कोणता केला, कोणत्या कामाची भीती वाटते, घरी शेगडी कोणती आणि कुकर कोणत्या बनावटीचा आहे, मधुमेह आहे का आणि औषधाच्या वेळा कोणत्या, चक्कर येते का, बोटांना बधिरपणा आहे का, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. भीतीचा प्रश्न थेट विचारला तर "भीती कसली?" असे उत्तर येते. त्याऐवजी "कोणते काम दुसऱ्याने करून दिलेले बरे वाटते?" असे विचारले की कुकरचे झाकण, फोडणी, गरम पातेले उतरवणे अशी खरी यादी बाहेर पडते.

नावाने हाक कशी मारायची हेही याच वेळी विचारून घ्यावे. सर्वांना सरसकट "आजी-आजोबा" म्हणणे स्वयंसेवकांना गोड वाटते, पण निवृत्त मुख्याध्यापिकेला किंवा बँकेतल्या साहेबांना ते रुचेलच असे नाही. कोणी काकू म्हणवून घेईल, कोणी मावशी, कोणी आडनावापुढे सर किंवा बाई. "अहो-जाहो" मात्र सर्वांशीच.

जागा, वेळ आणि माणसे

मंगल कार्यालयाचे किंवा उपाहारगृहाचे मोठे स्वयंपाकघर या कामाला उपयोगाचे नाही. तिथल्या भट्ट्या, जड पातेली आणि ओल्या फरशीवरचा पसारा पाहूनच माणूस मागे सरकतो. एखाद्या सदस्याच्या घरातले साधे स्वयंपाकघर किंवा सभागृहात दोन-तीन भक्कम टेबले मांडून केलेली सोय अधिक चांगली. सहाच शिकणारे घ्यावेत आणि त्यांच्यासोबत एक शिकवणारी व्यक्ती आणि दोन मदतनीस असावेत. सहाचे दहा करण्याचा आग्रह होईल, तो मानू नये, कारण दहा माणसांचा वर्ग झाला की चौघे पाहत बसतात, आणि पाहत बसणे त्यांना घरीही जमतेच.

वेळ सकाळी दहा ते साडेअकरा ठेवावी. न्याहारी झालेली असते, सकाळच्या गोळ्या घेतलेल्या असतात आणि जेवणाची वेळ टळत नाही. मधुमेही व्यक्तीला उपाशीपोटी तासभर उभे केले तर रक्तातील साखर उतरून घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे दिसू शकतात, म्हणून साखर आणि लिंबाचे सरबत हाताशी असावेच. प्रत्येकाच्या मागे पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी. ती दमल्यावर बसायची म्हणून ठेवलेली नसून बसून करायची कामे बसूनच करावीत म्हणून ठेवलेली असते. निवडणे, सोलणे, कणीक मळणे, कोशिंबीर कालवणे ही सर्व कामे टेबलाशी बसून होतात.

उजेडाकडे विशेष लक्ष द्यावे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना किंवा उतारवयातील कोणत्याही डोळ्यांना वस्तूची कड दिसण्यासाठी रंगातला फरक लागतो. पांढऱ्या ओट्यावर पांढऱ्या ताटलीत मीठ ठेवले तर ते दिसत नाही. गडद रंगाच्या पाटावर मुळा आणि फिक्या पाटावर गाजर किंवा बीट चिरायला द्यावे. शेगडीच्या बटणावर "बंद" या स्थितीत लाल रंगाचा ठिपका लावावा. दिवा डोक्यामागे असेल तर कामावर आपलीच सावली पडते, तेव्हा तो ओट्याच्या वर, समोरच्या भिंतीवर असावा.

गॅसचा पाठ सर्वांत आधी

पहिल्या दिवशी काहीही शिजवण्याआधी वीस मिनिटे गॅसला द्यावीत, आणि हा पाठ ज्यांना "सगळे माहीत आहे" त्यांच्यासाठीही सक्तीचा ठेवावा. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. परंतु वयानुसार घ्राणशक्ती मंदावते आणि हे इतके हळूहळू होते की त्या व्यक्तीला त्याचा पत्ताच लागत नाही. हिंगाची डबी आणि कॉफीची बाटली डोळे मिटून ओळखायला लावली की ज्याची त्याला स्थिती कळते, कोणाला कमीपणाही वाटत नाही. ज्यांना वास ओळखता येत नाही त्यांच्या घरी गॅसगळती सांगणारा छोटा गजर बसवण्याची शिफारस करावी. सिलिंडरमधला हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यामुळे गजर भिंतीवर खालच्या बाजूला लावतात.

नंतर प्रत्येकाकडून हाताने करून घ्यायचे ते असे. रेग्युलेटर चालू करणे व बंद करणे, नळीवर छापलेली तारीख शोधून वाचणे, आणि लायटर आधी बर्नरजवळ नेऊन मगच बटण फिरवणे. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आणि ती तारीख कित्येक घरांत कोणी पाहिलेलीच नसते. वास आला तर विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या-दारे उघडावीत, बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे, हे पाठ म्हणून घ्यावे. नव्याने शेगडी घेणाऱ्यांना ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणाऱ्या शेगडीची माहिती द्यावी. इंडक्शन शेगडी ज्वाळा नसल्याने आणि वेळ लावता येत असल्याने अनेकांना सोयीची पडते, मात्र तिच्यासाठी चुंबक चिकटेल अशा बुडाची भांडी लागतात आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने आधी आपल्या डॉक्टरांना विचारलेले बरे.

पोशाखाबद्दल संकोच न करता बोलावे. नायलॉनचा गाऊन आणि त्यावरची सुळसुळीत ओढणी, सैल बाह्यांचा स्वेटर, खांद्यावरची शाल हे सर्व ज्वाळेजवळ धोक्याचे आहे. सुती कपडे, खोचलेला पदर, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या हा वर्गाचा गणवेश समजावा. भाजलेच तर बांगड्या-अंगठ्या लगेच उतरवून भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नये. कढईतील तेल पेटले तर गॅस बंद करून झाकण घालावे, पाणी कदापि ओतू नये. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिलेला असावा.

हत्यारे आणि हात

आपल्या स्वयंपाकघरातील सर्वांत धोकादायक वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेक जण सुरी म्हणतील. माझ्या मते ती पकड आहे. पातेल्याच्या काठाला पकड लावून ते उचलण्यासाठी अंगठा आणि बोटे यांची जी चिमटीची ताकद लागते, नेमकी तीच संधिवातात आधी जाते, आणि पकड सुटते तेव्हा हातात उकळते वरण असते. वर्गासाठी दोन कानांची पातेली आणि लांब दांड्याची भांडी घ्यावीत, जाड सुती हातमोजे ठेवावेत आणि भांडे उचलण्याऐवजी ओट्यावरून सरकवायला शिकवावे. भरलेले पातेले वाकडे करून ओतण्यापेक्षा ओगराळ्याने काढून घ्यावे. कंप असलेल्या हाताला हलक्या चमच्यापेक्षा थोडा जड चमचा स्थिर धरता येतो. मधुमेहामुळे बोटे बधिर झाली असतील तर भांडे गरम आहे की नाही हे स्पर्शाने पाहण्याची सवय मोडावी लागते, कारण चटका बसल्याचे कळेपर्यंत कातडी भाजलेली असते.

विळीचा प्रश्न खास आपल्याकडचा आहे. ज्यांनी आयुष्यभर पाटावर बसून, विळीवर पाय दाबून बारीक कोबी चिरला, त्यांना गुडघ्यांमुळे आता खाली बसता येत नाही. ओट्याशी उभे करून हातात सुरी दिली की त्या नवशिक्यासारख्या अडखळतात आणि खजील होतात. याचे कारण त्यांना स्पष्ट सांगावे. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी हलते, सुरीला भाजी स्थिर ठेवून पाते हलवावे लागते, म्हणजे हातांची सगळी जुनी शिकवण उलटी होते. चिरण्याच्या पाटाखाली ओले फडके घालून तो घट्ट करावा, भाजी आधी मधोमध कापून तिची सपाट बाजू खाली ठेवावी, बोटांची टोके आत वळवून धरावी. सुरुवात काकडी आणि दुधीपासून करावी, कांदा नंतर. सुरी धारदारच हवी, कारण बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती घसरते. लाल भोपळा, सुरण यांसारख्या कडक भाज्या बाजारातूनच फोडी करून आणाव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

पक्षाघातानंतर एकाच हाताने काम करणाऱ्यांसाठी सुताराकडून एक पाट करून घेता येतो. त्यात खालून दोन न गंजणारे खिळे ठोकून टोके वर काढतात आणि त्यांवर बटाटा किंवा टोमॅटो रोवून तो एका हाताने सोलता-चिरता येतो. वापरात नसताना टोकांवर बूच खोचून ठेवावे. अशा युक्त्यांचे शास्त्रशुद्ध ज्ञान व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञांकडे असते. भारतात या विषयाचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले होते. दैनंदिन कामे पुन्हा करता येणे हाच या शाखेचा गाभा आहे. जवळच्या मोठ्या रुग्णालयात हा विभाग असेल तर वर्ग सुरू करण्यापूर्वी तिथल्या तज्ज्ञाला एकदा जागा दाखवून घ्यावी.

पहिला पदार्थ चहा

पहिल्या सत्रात फक्त चहा करायचा. हे ऐकून काही जण हसतील, त्यांना हसू द्यावे. चहात ज्योत पेटवणे, पाणी मोजणे, उकळी ओळखणे, दूध उतू जाण्याआधी आच कमी करणे, गाळणे आणि गरम द्रव कपात ओतणे ही सगळी कामे आहेत, आणि प्रत्येक माणूस कुठे अडतो ते दहा मिनिटांत शिकवणाऱ्याला दिसते. एकाला लायटर दाबता येत नाही, दुसरीला उकळी दिसत नाही, तिसऱ्याचा गाळताना हात थरथरतो. हीच पुढच्या सत्रांची खरी अभ्यासपत्रिका.

मदतनीसांची परीक्षाही इथेच होते. समोरची व्यक्ती लायटरशी झटापट करत असताना तो हातातून घेऊन पेटवून देण्याचा मोह अनावर होतो, पण तो आवरला पाहिजे. नियम असा करावा की मदतनीसांनी हात पाठीमागे बांधून उभे राहावे, धोका दिसला तरच हात पुढे करावा, एरवी फक्त तोंडाने आणि तेही विचारल्यावर सांगावे. चहा दाट झाला, फिका झाला, थोडा सांडला, तरी तो ज्याने केला त्यानेच गाळावा आणि त्यानेच आधी प्यावा. शिकवणाऱ्याने "छान झाला" असे खोटे म्हणू नये. साखर जास्त असेल तर जास्त आहे असे सांगावे, कारण उगाच केलेली स्तुती या वयाच्या माणसांना लगेच ओळखू येते आणि मग खऱ्या कौतुकावरही विश्वास बसत नाही.

मग पोहे, कुकर आणि फोडणी

दुसऱ्या-तिसऱ्या सत्रांत पोहे आणि उपमा घ्यावेत. त्यांच्यामुळे चिरणे, परतणे आणि झाकण ठेवून वाफ काढणे यांची सवय परत येते. प्रमाण सर्वांनी आपापल्या घरच्या वाटीने आणि चमच्याने लिहावे, म्हणजे घरी गेल्यावर गोंधळ होत नाही.

कुकरला स्वतंत्र सत्र द्यावे आणि प्रत्येकाला आपला कुकर आणायला सांगावे. आतून बसणाऱ्या झाकणाचा आणि बाहेरून फिरवून बसणाऱ्या झाकणाचा कुकर यांची हाताळणी इतकी वेगळी आहे की एकावर शिकलेले दुसऱ्यावर लागू पडत नाही. आधी थंड, रिकाम्या कुकरचे झाकण पाच-सहा वेळा लावून काढावे. रिंग ताठ किंवा भेगाळलेली असेल तर बदलायला सांगावे, वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहावे. डाळ-भातासाठी कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, कारण फेस येऊन नळी तुंबू शकते.

शिट्ट्या मोजण्यावर अवलंबून राहू नये. वयोमानाने ऐकू येणे कमी होते ते बहुधा उंच पट्टीच्या आवाजांपासून, आणि दुसऱ्या खोलीत दूरदर्शन चालू असेल तर तीन शिट्ट्या झाल्या की पाच, हे तरुणांनाही सांगता येत नाही. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून घड्याळाचा गजर लावावा. गजर झाल्यावर गॅस बंद करून कुकर आपोआप निवू द्यावा. घाईने शिट्टी उचलणे, कुकर नळाखाली धरणे हे पूर्ण बंद.

पहिला कुकरचा पदार्थ मुगाची खिचडी ठेवावी. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, तीन वाट्या पाणी, एवढ्यात एका माणसाची दोन वेळची मऊ खिचडी होते. कवळी असलेल्यांनाही ती खाता येते. उरलेली दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावी आणि दुसऱ्या वेळी चांगली वाफ येईपर्यंत गरम करावी. सकाळचा भात दिवसभर ओट्यावर झाकून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, ती पोटाला महागात पडू शकते. एकट्यासाठी तीन लिटरचा कुकर मोठा होतो, तेव्हा दीड-दोन लिटरचा घ्यायला सुचवावे.

फोडणी हा अनेकांच्या भीतीचा मूळ मुद्दा असल्याने तिथे रेंगाळावे. पसरट कढईऐवजी छोटे, खोल आणि लांब दांड्याचे कढले घ्यावे. मिसळणाचा डबा उघडून ओट्यावर डाव्या बाजूला ठेवावा, झाकण उजव्या हाताशी. कढीपत्ता धुऊन फडक्याने पूर्ण कोरडा केलेला असावा, कारण तडतडून अंगावर उडते ते त्याच्यावरचे पाणी. तेल घालून मध्यम आचेवर तापवावे आणि मोहरीचे दोनच दाणे टाकून पाहावेत. ते तळाशी बसून राहिले तर थांबावे, वर येऊन तडकले तर उरलेली मोहरी घालून लगेच झाकण आडवे धरावे. तडतड ओसरली की गॅस बंद करावा आणि मगच जिरे, हिंग, कढीपत्ता, सर्वांत शेवटी हळद घालावी. तापलेल्या तेलाच्या उष्णतेवर हे सर्व होते आणि हळद करपत नाही. गॅस बंद केल्याने घाई उरत नाही, आणि उतारवयात चुका होतात त्या बहुतेक घाईतच. जुन्या सुगरणींना हे पटायला वेळ लागतो, कारण त्यांच्या हाताला धगधगत्या आचेची सवय असते. त्यांच्याशी वाद न घालता दोन्ही प्रकारे फोडणी करायला द्यावी आणि वास घेऊन पाहायला सांगावे.

फोडणी जमली की पिठले, आमटी, कढी, साधी पालेभाजी हे सर्व आपोआप आवाक्यात येते. पिठल्याचे पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्यावे, म्हणजे एका हाताने वैरून दुसऱ्या हाताने घोटण्याची कसरत टळते. पोळी-भाकरी शेवटच्या सत्रांसाठी राखावी, त्याआधी धिरडी आणि थालीपीठ. पोळी थेट ज्योतीवर फुगवण्याचा आग्रह सोडून द्यावा, तव्यावरच फडक्याने दाबून ती फुगते. अंगठ्याचे सांधे दुखत असतील तर कणीक यंत्रात मळावी.

मीठाविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दिवसभरात सर्व पदार्थ मिळून पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, परंतु वयाबरोबर जिभेची चव मंदावते आणि मीठ कमी वाटून वरून घेतले जाते. चव आणण्यासाठी लिंबू, आमसूल, आले, ओवा, भाजलेले जिरे आणि कोथिंबीर यांचा सढळ वापर शिकवावा. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, ते मूत्रपिंडाच्या विकारात आणि काही औषधांबरोबर घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुचवू नये.

कधीच न केलेले पुरुष

यांची अडचण वेगळी असते. त्यांना हात थरथरण्याची भीती नसते, त्यांना शब्दच परके असतात. "अंदाजाने मीठ", "खमंग होईपर्यंत", "कडेने तेल सुटेपर्यंत" या सूचना त्यांच्या उपयोगाच्या नाहीत. त्यांना मिनिटे, चमचे आणि दिसणारी खूण सांगावी. रवा भाजताना बदामी रंगाचा कागद शेजारी ठेवला तरी चालेल. सुरुवात बाजारहाटापासून करावी, कारण तूरडाळ आणि हरभराडाळ यांतला फरक, आठवड्याला एका माणसाला किती दूध-भाजी लागते, हे त्यांतल्या कित्येकांना प्रथमच कळते. स्त्रियांसमोर चुकण्याचा संकोच वाटत असेल तर पहिली दोन सत्रे वेगळी घ्यावीत, पुढे मात्र एकत्र. पत्नीच्या हातची आमटी तशीच व्हावी अशी इच्छा कोणी बोलून दाखवली तर तिच्या मसाल्याच्या डब्यात काय-काय होते ते घरी पाहून यायला सांगावे आणि ती आमटी वर्गात करावी. अशा वेळी बाकीच्यांनी फार बोलू नये.

विसरण्याचा प्रश्न

किल्ली कुठे ठेवली ते विसरणे आणि गॅस पेटवून बाहेर फिरायला निघून जाणे या एका तराजूत तोलण्याच्या गोष्टी नाहीत. एकाच पदार्थात दोनदा मीठ घालणे, रिकामे भांडे आचेवर ठेवणे, नेहमीच्या चहाची पायरी चुकणे, घरी करपलेली भांडी लपवून ठेवणे असे वारंवार आढळले तर कुटुंबाला खासगीत सांगून डॉक्टरांकडे पाठवावे. निदान करणे हे वर्गाचे काम नाही. अशा व्यक्तीला वर्गातून काढू मात्र नये. कोशिंबीर, ताकाची घुसळण, मटार सोलणे, मेथी निवडणे, दडपे पोहे अशी आचेविना होणारी कामे त्यांना द्यावीत. निवडलेल्या मेथीची जुडी पाहिली की कोणाचा हात किती सराईत आहे ते सर्वांना दिसतेच.

शेवटचे सत्र घरी

वर्गातल्या ओट्यावर जमलेले घरी जमेलच असे नाही. म्हणून प्रत्येकाचे एक सत्र त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात झालेच पाहिजे, आणि वेळेअभावी काही वगळायचे झाले तर पोळ्या वगळाव्यात, ही भेट वगळू नये. जाताना बरोबर फक्त एक मदतनीस न्यावा. रोज लागणारे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणून ठेवावेत, जेणेकरून खाली वाकून एकदम उठताना चक्कर येणार नाही आणि स्टुलावर चढण्याचा प्रसंगच येणार नाही. ओट्यापुढचे घसरते पायपुसणे काढून टाकावे. मग त्या व्यक्तीने वर्गातलाच एखादा पदार्थ करावा.

घरच्यांशी बोलणे हा या भेटीचा अवघड भाग आहे. सुनेला किंवा मुलाला वाटणारी काळजी खरी असते, तिची टिंगल करू नये. त्यांच्याकडून एकच ठरावीक गोष्ट मागावी, उदाहरणार्थ दुपारी चारचा चहा किंवा गुरुवारची खिचडी ही आईंची जबाबदारी, त्या वेळी ओटा त्यांचा आणि बाकीच्यांनी बाहेरच्या खोलीत बसायचे. "कधी वाटले तर करा" अशी मुभा कोणीही वापरत नाही, ठरलेले काम मात्र होते. घरी स्वयंपाकाच्या ताई येत असतील तर त्यांच्याशीही बोलावे, कारण मांडणीतल्या वस्तू रोज हलवणाऱ्या त्याच असतात आणि "तुम्ही कशाला आलात, मी करते ना" हे वाक्य त्यांच्याही तोंडी असते.

वर्ग संपल्यावर तीन महिने आठवड्यातून एक दूरध्वनी करावा. तो पहिल्या तुकडीतल्याच कोणी केला तर अधिक चांगले, आणि दुसऱ्या तुकडीच्या मदतनीसांपैकी एक जण त्यांच्यातूनच निवडावा. "जमते ना सगळे?" असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी "हो" असते. "काल संध्याकाळी काय केलेत, आणि कोणत्या भांड्यात केलेत?" असे विचारावे. खरोखर केले असेल तर भांड्याचे नाव लगेच येते, आणि मागोमाग ते बुडाला लागले की नाही, हेही.